जुन्या पुस्तकांचें दुकान

निवृत्त शाळामास्तरानें दुकान थाटलें म्हणजे तें पाहावयास दोन प्रकारचीं माणसें येतात. ज्यांना त्याची कींव येते तीं पहिलीं; आणि हा आतां किती दिवसांत दुकान बंद करतो याची ज्यांना उत्सुकता असते तीं दुसरीं. माझ्याकडे दोन्ही प्रकारचीं माणसें येऊन गेलीं. जातांना त्यांतलीं कांहीं एखादें पुस्तक घेऊन गेलीं, हीच त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. माझें दुकान जुन्या पुस्तकांचें आहे. घराच्या ओसरीवर चार फडताळें, दारापुढें एक लांबट बांक, बांकावर स्वस्तांतलीं पुस्तकें आडवीं मांडलेलीं, आणि आंत एका खुर्चीवर मी. गिऱ्हाईक नसलें म्हणजे विकावयास आणलेलें पुस्तकच मी वाचीत बसतों. दुकानदारीच्या दृष्टीनें ही संवय वाईट. कारण वाचून आवडलेलें पुस्तक विकतांना हात आखडतो.

अशाच एका रिकाम्या दुपारीं रद्दीच्या गठ्ठ्यांतून आलेलें एक जाड इंग्रजी पुस्तक मी उघडलें. पुठ्ठा गेलेला, कडा वाळवीनें कुरतडलेल्या. जेम्स लॅकिंग्टन नांवाच्या लंडनच्या एका पुस्तकविक्यानें आपलें चरित्र मित्रास लिहिलेल्या पत्रांच्या रूपानें १७९१ मध्यें प्रसिद्ध केलें होतें. त्याची ही मागाहून निघालेली आवृत्ति. चार पानें चाळून किंमत घालावी आणि बांकावर ठेवावें, एवढाच माझा विचार होता. पण दिवेलागणीपर्यंत तें माझ्या हातून सुटलें नाहीं. आज त्या माणसाची हकीकत मी तुम्हांस सांगणार आहें. त्याच्या हकीकतीनें मला माझ्या दुकानाचा अर्थ कळला, आणि माझ्या हातून पूर्वीं घडलेल्या एका चुकीचाही.

लॅकिंग्टनचा जन्म १७४६ मध्यें इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यांतील वेलिंग्टन या गांवीं झाला. बाप जोडे शिवणाऱ्यांतला मजूर, आणि त्यास दारूचें व्यसन. घरांत मुलें पुष्कळ. शाळेची फी आठवड्याला दोन पेन्स. तेवढीही आईला झेपेना, म्हणून पोराची शाळा सुटली. दहा वर्षांचा असतांना तो एका पाववाल्याचा माल रस्त्यानें ओरडून विकूं लागला. वर्ष संपत आलें म्हणजे तो नव्या वर्षाचीं पंचांगें विकी. पंचांगें खपविणाऱ्या या पोराला त्यांतलें एक अक्षरही वाचतां येत नव्हतें.

चौदाव्या वर्षीं तो टॉन्टन गांवीं एका जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवार म्हणून राहिला. मालकाच्या घरीं धर्मचर्चा चाले. ती ऐकून त्याला वाचनाची ओढ लागली. आईकडून खाऊसाठीं आठवड्याला तीन अर्धपेनी मिळत; ते तो मालकाच्या धाकट्या मुलास देई आणि त्याच्याकडून अक्षरें जुळविण्यास शिके. पुष्कळदां मेणबत्ती नसे. मग धडा अंधारांतच चाले. मीं सारा जन्म मुलांना बाराखडी शिकविली. फी माफ करून, दटावून, प्रसंगीं छडी उगारूनही शिकविली. पण स्वतःच्या खाऊचे पैसे देऊन अंधारांत अक्षर शिकणारा विद्यार्थी मला भेटला नाहीं. किंवा भेटला असेल, तर मला तो ओळखतां आला नाहीं.

पुढें ब्रिस्टल शहरीं तो आपल्या एका मित्राबरोबर जोडे शिवून राहूं लागला. दोघांनाही पुस्तकें हवीं होतीं. शहरांत पुस्तकांचीं दुकानें होतीं. पण आंत जाऊन मागावयाचें काय? पुस्तकांचीं नांवें ठाऊक नव्हतीं आणि तसें सांगण्याची लाज वाटे. नांवच सांगतां येत नाहीं, तर दाराच्या आंत पाऊल कोणत्या तोंडानें टाकावें? अखेर गांवच्या जत्रेंत उघड्यावर मांडलेलें एक पुस्तकांचें पाल त्यांच्या दृष्टीस पडलें. तेथें कोणाला विचारावयाचें नव्हतें. पुस्तक उचलावें, पहिलें पान पाहावें, पुन्हां ठेवावें. होमर म्हणून कोणी थोर कवि होऊन गेला, एवढें लॅकिंग्टनच्या कानावर आलेलें होतें. हॉब्जनें केलेलें होमरचें भाषांतर तेथें दिसतांच त्यानें तें घेतलें. पोपचें सरस भाषांतर असल्याचें त्याला माहीतच नव्हतें. घरीं येऊन दोघे मोठ्या आशेनें वाचावयास बसले, आणि त्यांची पार निराशा झाली. कांहीं केल्या गोडी लागेना. पण त्याच पालावर त्यानें आणखी एक पुस्तक उचललें होतें. एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या उपदेशाचें तें पद्यरूप होतें. हा मनुष्य जन्मानें गुलाम होता. त्याच्या उपदेशानें या तरुण जोडेवाल्यास असें कांहीं वेड लावलें कीं दारिद्र्य सोसण्याचें बळ आपल्याला त्या पुस्तकानें दिलें, असें तो लिहितो.

श्रोतेहो, हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून ठेवलें आणि बांकाकडे पाहिलें. जें नांव ऐकून घेतलें तें पुस्तक फसलें. जें कधीं ऐकलेंच नव्हतें तें जन्माला पुरलें. नव्या पुस्तकांच्या दुकानांत नांव घेऊन जावें लागतें. ग्रंथालयांत सूची असते. पण सूचींत शोधावयासही नांवच लागतें. हल्लीं तर घरबसल्या हवें तें पुस्तक मागवितां येतें. तेथेंही पहिला प्रश्न नांवाचाच. ज्याला नांव ठाऊक नाहीं त्याच्यासाठीं जगांत एकच जागा उरते, ती म्हणजे जुन्या पुस्तकांचा उघडा बांक. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकांत किंवा मुंबईस फ्लोरा फाऊंटनच्या पदपथावर ज्यांनीं तरुणपणीं तासन् तास उभ्यानें पुस्तकें चाळलीं असतील, त्यांस हें निराळें सांगावयास नको.

माझाच अनुभव सांगतों. विष्णुभट गोडसे यांचें 'माझा प्रवास' हें पुस्तक मीं नांव ऐकून घेतलें नव्हतें. एका पालावर पुठ्ठा फाटलेली प्रत हातीं लागली, मधलें पान उघडलें आणि उभ्याउभ्या आठ पानें वाचून झालीं. वरसईचे एक गरीब भटजी दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेस जातात काय, आणि १८५७ च्या धुमाळींत सांपडून झांशीचा वेढा प्रत्यक्ष पाहतात काय! त्यांनीं तें १८८३ मध्यें लिहिलें आणि १९०७ मध्यें तें छापलें गेलें. इतिहासाचे जाणते त्यांतलें लढाईचें वर्णन वाखाणतात. माझ्या मनांत मात्र राहिली ती आईबापांना स्नान घालावें म्हणून त्यांनीं इतक्या दुरून आणलेली गंगेची कावड. ज्यासाठीं निघाले तें द्रव्य लुटलें गेलें; कावड तेवढी घरीं पोंचली. असें पुस्तक मला नांवानिशीं मागतां आलें नसतें.

आतां पुन्हां लॅकिंग्टनकडे वळूं. ब्रिस्टलच्या त्या दिवसांत पुस्तकांसाठीं पैसे राहावे म्हणून तो आणि त्याचे सोबती जवळजवळ पाव आणि चहा यांवरच राहात. रात्रीं तीन तासच झोंपत. एकानें वाचावें आणि बाकीच्यांनीं काम करीत ऐकावें, असा क्रम होता. १७७० मध्यें त्यानें नॅन्सी स्मिथ या मुलीशीं लग्न केलें आणि १७७३ मध्यें तो लंडनला आला, तेव्हां त्याच्या खिशांत अवघा अर्धा क्राऊन होता. त्यानंतरच्या नाताळच्या आदल्या दिवशींची गोष्ट त्यानें मोठ्या प्रेमानें सांगितली आहे. सणाचें जेवण आणावयास म्हणून तो घरांतला शेवटचा अर्धा क्राऊन घेऊन बाहेर पडला. वाटेंत जुन्या पुस्तकांचें दुकान लागलें. तेथें यंग कवीचें 'नाइट थॉट्स' हें काव्य दिसलें, आणि सारे पैसे त्यांतच गेले. घरीं येऊन त्यानें बायकोची समजूत घातली: जेवण आणलें असतें तर तें उद्यां संपलें असतें, हें पुस्तक आणखी पन्नास वर्षें जगलों तरी पुरेल.

ही गोष्ट वाचून पुस्तकवेडे लोक माना डोलवितात. मला मात्र त्या नॅन्सीचा चेहरा दिसूं लागला. सणाच्या दिवशीं रिकाम्या चुलीपुढें बसून काव्य ऐकण्याची पाळी जिच्यावर आली, तिचें मत त्या पुस्तकांत कोठेंच नाहीं. दोन वर्षांनीं, १७७५ च्या नोव्हेंबरांत, ती तापानें गेली. त्या वेळीं तोही त्याच तापानें अंथरुणाला खिळलेला होता. पुढच्या वर्षीं त्यानें डॉर्कस टर्टन हिच्याशीं दुसरें लग्न केलें. ती शाळा चालवीत असे आणि तिला वाचनाची फार आवड. दुकानांत बसणें तिला मनापासून आवडे, आणि धंद्याच्या भरभराटींत तिचा वांटा मोठा होता, हें तो मोकळेपणानें कबूल करतो. पुस्तकांच्या दुकानाचा इतिहास लिहितांना फडताळामागें बसणाऱ्या या बायकांचें नांव सहसा कोणी घेत नाहीं.

दुकान निघालें तें १७७४ च्या उन्हाळ्यांत, लंडनच्या फेदरस्टोन गल्लींत. एका गिनीला घेतलेली जुन्या, बहुतेक धर्मविषयक, पुस्तकांची एक पिशवी, थोडेंसें कातडें आणि घरचीं आधींचीं पुस्तकें, हें सारें मिळून भांडवल पांच पौंडांचें. त्यांत भर म्हणून जॉन वेस्लीच्या मेथॉडिस्ट पंथाच्या गरजूंसाठीं असलेल्या निधींतून त्यास पांच पौंड बिनव्याजी मिळाले. सहा महिन्यांत पांच पौंडांचा माल पंचवीस पौंडांचा झाला. मग जोडे सुटले, पुस्तकें राहिलीं, आणि दुकान चिझवेल रस्त्यावर मोठ्या जागेंत गेलें. १७७९ मध्यें त्यानें आणि त्याच्या भागीदारानें पहिली छापील सूची काढली. तींत बारा हजार पुस्तकें होतीं.

एवढी बरकत कशानें आली? त्यानें आपल्या व्यवहाराचे नियम सांगितले आहेत. पहिला नियम असा कीं प्रत्येक पुस्तकावर त्याची कमींत कमी किंमत लिहिलेली असावी. घासाघीस नाहीं, कीं माणूस पाहून भाव नाहीं. दुसरा नियम उधारीचा. १७८० पासून त्यानें उधारी साफ बंद केली. गिऱ्हाईक कितीही मोठें असो, रोकड मोजल्याशिवाय पुस्तक नाहीं. त्या काळीं बड्या लोकांचीं बिलें महिनोन् महिने थकत. त्यांच्याकडे तगादा करण्यासाठीं माणसें ठेवावीं लागत, आणि हा सारा खर्च अखेर पुस्तकाच्या किंमतींत चढे. म्हणजे श्रीमंताच्या उधारीचें व्याज रोकड देणारा गरीब भरी. उधारी बंद होतांच किंमती उतरल्या. कांहीं प्रतिष्ठित गिऱ्हाइकें रागावलीं, शेजारचे दुकानदार हंसले. पण ज्यांच्या खिशांत एक शिलिंग होता अशीं माणसें त्या दारांतून आंत येऊं लागलीं.

तिसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. एखाद्या ग्रंथाच्या पुष्कळ प्रती न खपतां उरल्या म्हणजे त्या लिलावांत पुस्तकविक्यांनाच विकल्या जात. घेणाऱ्यानें त्यांतल्या निम्म्या किंवा तीन चतुर्थांश प्रती नष्ट कराव्या आणि उरलेल्या पूर्ण किंमतीनें विकाव्या, अशी धंद्याची रीत होती. ती मोडणाऱ्यास पुढच्या लिलावाचें आमंत्रण मिळत नसे. सुरुवातीस लॅकिंग्टननेंही इतरांप्रमाणेंच केलें. मग त्याला वाटूं लागलें कीं हीं चांगलीं पुस्तकें आहेत. पूर्ण किंमत देणें ज्यांना शक्य नाहीं अशीं हजारों माणसें आहेत. आणि आपण त्यांच्यासमोर पुस्तकें जाळतों. तेव्हांपासून त्यानें एकही प्रत नष्ट केली नाहीं. ढीगच्या ढीग विकत घ्यावे आणि अर्ध्या, पाव किंमतीला सोडावे, असा क्रम त्यानें सुरू केला. धंद्यांतले लोक त्याच्यावर तुटून पडले. लोकांना पुढें स्वस्तांत मिळणार असें कळलें तर नवें पुस्तक कोण घेईल, हा त्यांचा मुद्दा. आणि तो अगदींच खोटा नव्हता. पण ज्यानें स्वस्तांत पहिलें पुस्तक घेतलें तोच पुढें नव्या पुस्तकाचें गिऱ्हाईक होतो, ही दुसरी बाजू त्यांना दिसली नाहीं. आपलें चरित्र त्यानें तिघांना अर्पण केलें आहे: वाचकवर्गाला, सज्जन पुस्तकविक्यांना, आणि क्षुद्र पुस्तकविक्यांना! वाचतांना हंसूं येतें. पण त्या हंसण्यामागें पुष्कळ वर्षांची जखम आहे.

येथें मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पेन्शनीपूर्वीं कांहीं वर्षें आमच्या शाळेंत कपाटें रिकामीं करण्याचें निघालें. जुनीं, फाटकीं, कोणी न मागितलेलीं पुस्तकें मोडींत काढावीं असें ठरलें, आणि यादी करण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं फारसें पाहिलें नाहीं. परीक्षेचे दिवस होते. तीन पोतीं भरलीं, रद्दीवाल्यानें तागडी लावली, किलोवर पैसे झाले, ते शाळेंत जमा केले, पावतीवर सही केली. सही माझी होती. पुढच्याच वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी आपल्या लहान मुलीला घेऊन घरीं आला. म्हणाला, "गुरुजी, मी सातवींत असतांना तुम्हीं मला कपाटांतून एक पुस्तक दिलं होतं. नांव आठवत नाहीं. निळा पुठ्ठा होता; समुद्रावर गेलेल्या एका पोराची गोष्ट होती. हिला तें दाखवायचं होतं. शाळेच्या कपाटांत असेल का अजून?"

मीं त्याला काय सांगितलें तें आतां सांगवत नाहीं. खरें तें सांगितलें नाहीं, एवढें खरें. लॅकिंग्टनच्या काळचे व्यापारी किंमत टिकावी म्हणून पुस्तकें जाळीत. त्यांना निदान स्वार्थ होता. मला तोही नव्हता. मला फक्त कपाट रिकामें करावयाचें होतें. पेन्शन मिळाल्यावर मीं हें दुकान काढलें तें पोटासाठीं नव्हे, आणि केवळ हौस म्हणूनही नव्हे. रद्दीच्या तागडीपुढें जाऊन उभें राहावें आणि तिच्यावरून कांहीं उतरवून घ्यावें, एवढाच त्यांतला हेतु.

रद्दीची तागडी हा आपल्याकडे थट्टेचा विषय नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड छापला तो वाईस एका घरांत राहिलेल्या जुन्या पत्रांवरून. त्या घरांतल्या कोणीं तो अडगळीचा भार एखाद्या वाण्याला पुड्या बांधण्यासाठीं दिला असता, तर पानिपतापूर्वींच्या राजकारणाचें केवढें तरी ज्ञान गुळाखोबऱ्याबरोबर घरोघर जाऊन चुलींत गेलें असतें.

लॅकिंग्टनचें दुकान वाढत गेलें. १७९१ मध्यें आपण वर्षाला एक लाखाहून अधिक पुस्तकें विकतों, असें तो लिहितो. त्या वर्षाचा नफा त्यानें चार हजार पौंड दिला आहे. स्वतःची बग्गी केली तेव्हां थोडा नफा मोठीं कामें करतो, या अर्थाचें वचन त्यानें तिच्या दारावर रंगविलें. १७९४ च्या सुमारास फिन्सबरी चौकांत त्यानें नवें दुकान थाटलें. त्याला नांव दिलें 'टेम्पल ऑफ दि म्यूझेस', म्हणजे कलादेवतांचें मंदिर. दर्शनी बाजू एकशें चाळीस फूट. वर घुमट, घुमटावर निशाण. तळमजला एवढा प्रशस्त कीं चार घोड्यांची टपालगाडी मधल्या गल्ल्याभोंवतीं फिरवून दाखविली, असें सांगतात. वरच्या बाजूस गोलाकार सज्ज्यांवर सज्जे. जसजसें वर चढावें तसतशीं पुस्तकें अधिक जीर्ण आणि किंमती अधिक उतरत्या. दुकानाच्या नांवानें पाडलेल्या तांब्याच्या अर्धपेनीवर एका बाजूस त्याचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस हे जगांतील सर्वांत स्वस्त पुस्तकविक्रेते होत, अशी फुशारकी.

फुशारकी हा त्याचा मोठाच दोष. पानापानावर स्वतःची पाठ थोपटलेली. पण त्यानें डोळे उघडे ठेवून पाहिलेलें जग फार मोलाचें आहे. उत्तरेकडच्या शहरांत तो हिंडला तेव्हां तेथल्या दुकानांत चांगले ग्रंथ क्वचितच दिसले, म्हणून तो हळहळला. वीस वर्षांपूर्वींच्या मानानें पुस्तकांचा खप चौपट झाला असावा, असा त्याचा अंदाज. शेतकऱ्यांच्या घरीं हिंवाळ्यांतल्या रात्रीं पूर्वीं भुतांच्या गोष्टी चालत, तेथें आतां मुलें आईबापांना कादंबऱ्या वाचून दाखवितात, आणि स्त्रियांच्या वाचनाची आवडही नुसत्या कादंबऱ्यांपुरती राहिली नाहीं, असें तो सांगतो. राजेरजवाड्यांच्या इतिहासांत न मिळणारी ही माहिती एका दुकानदाराला गल्ल्यावर बसून मिळाली.

त्याच वेळचें आपलें पुणें डोळ्यांसमोर आणा. १७९४ च्या फेब्रुवारींत वानवडीस महादजी शिंदे वारले. पुढच्या वर्षीं खर्ड्याची लढाई झाली. नानांची मसलत आणि शिंद्यांची तलवार यांचा तो काळ. पण मराठी पुस्तकें छापून विकण्याचा व्यवहार त्या पुण्यास ठाऊक नव्हता. पोथी पाहिजे असेल त्यानें ती उतरून घ्यावी किंवा घेववावी. विल्यम केरीचें मराठी व्याकरण दूर बंगाल्यांत श्रीरामपूर येथें १८०५ मध्यें छापलें गेलें, आणि गणपत कृष्णाजींनीं मुंबईस १८३१ मध्यें छापील पंचांग काढलें. वेलिंग्टनच्या रस्त्यांत दहाबारा वर्षांचा पोरगा पंचांगें विकीत होता, त्यानंतर सत्तरांहून अधिक वर्षांनीं आपल्याकडे छापील पंचांग हातीं पडलें! पोथी होती ती ज्याच्या घरची त्याच्या घरीं. उंबऱ्याबाहेर उभें राहणाऱ्याच्या हातीं ती पडण्याचा संभव थोडा. छापखान्यानें पोथीचें पुस्तक केलें. आणि तें पुस्तक उंबऱ्याबाहेर, रस्त्यावर, कोणीही उचलून पाहावें असें मांडलें तें जुन्या बाजारानें. या दुसऱ्या उपकाराची नोंद आपण अजून नीटशी केलेली नाहीं.

लॅकिंग्टनच्या चरित्राचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. ज्या मेथॉडिस्टांच्या पांच पौंडांवर दुकान उभें राहिलें, त्यांची त्यानें आपल्या पुस्तकांत यथेच्छ टवाळी केली. हें वाचतांना मला त्याचा राग आला. १७९८ मध्यें तो धंद्यांतून निवृत्त झाला, खेड्यांत राहूं लागला, आणि पुन्हां त्याच पंथाकडे वळला. १८०४ मध्यें त्यानें कबुलीजबाब म्हणून दुसरें पुस्तक लिहिलें आणि पूर्वींच्या टवाळीबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. पंथासाठीं प्रार्थनामंदिरें बांधून दिलीं. १८१५ मध्यें डेव्हन परगण्यांत तो वारला. पण पहिल्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या केव्हांच घरोघर गेल्या होत्या. जन्मभर लाखों पुस्तकें लोकांच्या हातीं देणाऱ्या माणसाला, हातीं दिलेलें पुस्तक परत बोलावतां येत नाहीं, हें स्वतःच्याच पुस्तकावरून शिकावें लागलें. आज तें पश्चात्तापाचें पुस्तक फारसें कोणी उघडीत नाहीं, आणि ज्याचा पश्चात्ताप झाला तें लोक आवडीनें वाचतात. माझ्या ओसरीवर येऊन पडलें तें तेंच.

तें भव्य दुकान १८४१ मध्यें आगींत जळून गेलें. घुमट गेला, सज्जे गेले. त्याच्या वारसांच्या पेढीनें १८१८ मध्यें मेरी शेली नांवाच्या एका तरुण लेखिकेची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी निनांवी छापली होती. ती कादंबरी मात्र अजून खपते. इमारतीपेक्षां पुस्तक अधिक टिकतें, पण एका अटीवर: तें कोणाच्या तरी हातीं पडलें पाहिजे.

माझ्या बांकावर कधीं कधीं एखादा पोरगा येतो. पुस्तक उचलतो, ठेवतो, पुन्हां उचलतो. काय पाहिजे म्हणून विचारलें कीं "कांहीं नाहीं, सहज," म्हणून निघून जातो. पूर्वीं मी विचारीत असें. ब्रिस्टलच्या जत्रेंतला तो जोडेवाला भेटल्यापासून मी विचारणें सोडलें आहे. मी मान खालीं घालून वाचीत बसतों, आणि त्याला पाहूं देतों.

रद्दीचा नवा गठ्ठा आला म्हणजे मी प्रथम निळे पुठ्ठे बाजूस काढतों. समुद्रावर गेलेल्या पोराची गोष्ट आजवर त्यांत मिळालेली नाहीं. मिळाली तरी ती तीच, हें माझा तो विद्यार्थी येऊन ओळखील तेव्हांच ठरेल. आणि तो आला म्हणजे त्या तीन पोत्यांची खरी गोष्ट मीं त्याला आधीं सांगितली पाहिजे. तोंवर श्रोतेहो, तुम्हांला एवढीच विनंती: घरचें कपाट आवरतांना रद्दीवाल्याला हांक मारण्यापूर्वीं एकेक पुस्तक हातीं घेऊन उघडून पाहा. तुम्हांला तें नको असेल. पण ज्याला तें हवें आहे त्याला त्याचें नांव कदाचित् ठाऊक नसेल, आणि म्हणून तो तुमच्याकडे मागावयास येणार नाहीं.